मिलिअँपिअरचा काटा

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कुणाशीही बोला, दोन मिनिटांत ‘६०० युनिट’ कानावर येतं. टनभर भंगार वितळवायला साधारण ६०० युनिट वीज. मॅनेजर सांगतो, सुपरवायझर सांगतो, वजनकाट्यावरचा पोरगाही सांगतो.

मी गेलो होतो ते दुसऱ्याच कारणानं. पॉलिटेक्निकच्या पुस्तकात वर्तुळात बाण काढून ‘करंट सोर्स’ दाखवतात. भार कसाही बदलो, करंट तेवढाच. व्होल्टेज सोर्स आपल्या ओळखीचा, भिंतीतल्या प्लगपासून बॅटरीच्या सेलपर्यंत सगळीकडे भेटणारा. करंट सोर्स मात्र परीक्षेपुरता. एका लग्नाच्या पंगतीत हे बोललो, तर शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, “आमच्या भट्टीच्या पॅनेलमधी हाय की!” ते या कारखान्यातले इलेक्ट्रिशियन, सगळे त्यांना काकाच म्हणतात.

कारखान्यात ३३ हजार व्होल्टची लाइन येते, ट्रान्सफॉर्मर ती उतरवतो, थायरिस्टर तिची डीसी करतात आणि इन्व्हर्टर पुन्हा एसी करून भट्टीच्या कॉइलला देतो. या दोघांच्या मधे लोखंडी गाभ्यावर जाड तांब्याचे वेढे दिलेला, माणसाच्या छातीएवढा उंच चोक उभा होता. त्याची घरघर पायाखालच्या फरशीतून कळत होती. “हा बघा तुमचा करंट सोर्स,” काका म्हणाले. चोक म्हणजे इंडक्टर. करंटमधला एकाएकी बदल त्याला खपत नाही. म्हणून त्याच्या पुढे बसलेल्या इन्व्हर्टरला करंट जवळजवळ ठाम मिळतो. नव्या शेडमधल्या पॅनेलात याच जागी कॅपॅसिटर आहेत, तिथं ठाम असतो तो व्होल्टेज.

“फरक कळतो फॉल्टला,” काका म्हणाले. “चोकवाल्यात शॉर्ट झालं तर करंट दमानं चढतो, तवर ट्रिप येती. कॅपॅसिटरवाल्यात साठलेलं सगळं एका झटक्यात मोकळं होतं. पण चोकवाल्याची वाट मधीच तोडायची नाय. मग व्होल्टेज कुठवर जाईल, नेम नाय.” व्होल्टेज सोर्स शॉर्ट करू नये, करंट सोर्स उघडा ठेवू नये, हे पुस्तकातलं वाक्य मला इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. मीटरच्या सीटीलाही, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरलाही, हाच नियम लागू. चालू लाइनवर सीटीची दुय्यम बाजू उघडली की जिवावर बेततं.

भट्टीत तर सगळं सर्किटच डोळ्यांपुढे असतं. कॉइल म्हणजे पोकळ तांब्याची नळी, आतून पाणी खेळतं. तिला लागणारा करंट कामाच्या करंटच्या कितीतरी पट असतो आणि तो लाइनवरून ओढणं परवडत नाही. शेजारचे कॅपॅसिटर आणि कॉइल ती ऊर्जा आपसांत टोलवत राहतात. लाइनवरून यायचं ते फक्त जळणारं. आणि रेझिस्टन्स? तो भंगारच. जुने पत्रे, पाइपांचे तुकडे, लेथची कात. त्यांच्यातूनच करंट फिरतो आणि तेच तापतात. साधारण ७७० अंशांना लोखंडाचं चुंबकत्व जातं, कॉइलचा इंडक्टन्स उतरतो, फ्रिक्वेन्सी चढते. काकांनी मीटरकडे न बघता बोट वर केलं. “ऐका, बारीक झाला आवाज.” खरोखर झाला होता.

पॅनेलच्या खोलीत एसी होता, कारण थायरिस्टरला उष्णता सोसत नाही. काचेपलीकडे प्लॅटफॉर्मवर जळक्या ऑइलपेंटचा उग्र वास, १,६०० अंशांचा रस आणि तोंडाला गमछा बांधून भंगार ढकलणारी, बिहारकडची पोरं. भंगारात ओल असली किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप आला की रस उसळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातल्याच एका कारखान्यात भट्टीच्या स्फोटात कामगार भाजले. थायरिस्टर वाचवायला मायक्रोसेकंदांची यंत्रणा आहे. पोरांसाठी काय, असं मी विचारलं.

काकांनी कोपऱ्यातला लहानसा मीटर दाखवला. भट्टीच्या बुडातून एक तार रसाला टेकलेली असते आणि तिच्यामार्फत रस नि कॉइल यांच्यामधला रेझिस्टन्स सतत तपासला जातो. सिलिकाचं अस्तर जाड, कोरडं आहे तोवर रेझिस्टन्स मोठा, काटा तळाशी. अस्तर झिजून रस कॉइलकडे सरकला की गळती वाढते आणि काटा हलतो. मिलिअँपिअरांचा खेळ. त्या कॉइलमध्ये पाणी आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सांगावं लागत नाही. मी होतो तेवढ्या वेळात काकांची नजर किलोवॅटवर क्वचित गेली, या काट्यावर सारखी.

“काही ठिकाणी सारखी ट्रिप येती म्हणून बायपास मारतेत,” ते म्हणाले. “हीट थांबली की ६०० चे ६५० होतेत ना.” हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा. शिफ्ट सुरू होताना ते टेस्टचं बटण स्वतः दाबतात. लॉगबुकात युनिट, टन, टॅपिंगची वेळ, पाण्याचं तापमान असे रकाने छापलेले आहेत, गळतीचा नाही. काकांनी समासात पेनानं उभी रेघ मारून तो करून घेतलाय.

मॅनेजरनं फोन करून विचारलं, या अस्तरावर अजून दोन हीट निघतील का. काकांनी समासातले आकडे वरून खाली वाचले. कालच्यापेक्षा चढते होते. “एक बी नाय निघणार,” म्हणाले आणि प्लॅटफॉर्मवर भरणी थांबवायला सांगितली. फोन पुन्हा वाजला.