हिवाळा आणि विसावा : ख्रिस्ती वाङ्मयातील एका ऋतुप्रतिमेचे स्थलांतर

इंग्रजीतील ख्रिस्ती भक्तिपर गद्यात अलीकडच्या काळात एक विचार वारंवार मांडला जातो. हिवाळा हा ईश्वराने नेमून दिलेला विश्रांतीचा काळ आहे. झाडे पाने टाकतात, जमीन पडीक राहते, बीज मातीखाली निजते. मनुष्यानेही हा ऋतू न कुरकुरता स्वीकारावा, कामाचा वेग उतरवावा आणि अंधाराला भिऊ नये, असा त्याचा आशय असतो. हा विचार बायबलइतकाच जुना असावा, असे वाचणाऱ्यास सहज वाटते. प्रत्यक्षात तो बायबलमधून आलेला नाही. तो कोठून आला आणि मराठीसारख्या भाषेत येताना त्याचे काय होते, हा तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

प्रारंभ पॅलेस्टाइनच्या हवामानापासून करणे अगत्याचे ठरते. तेथे हिवाळा हाच पावसाळा होय. कोरड्या उन्हाळ्यानंतर पहिला पाऊस पडतो, जमीन नांगरटीजोगी होते आणि पेरणी सुरू होते. वसंताच्या तोंडाशी शेवटचा पाऊस पडतो आणि पिके कापणीला येतात. गेझेर येथे १९०८ साली सापडलेल्या, इ. स. पू. दहाव्या शतकातील चुनखडीच्या छोट्या पाटीवर वर्षभराच्या शेतीकामांची यादी कोरलेली आहे. तिच्यात फळे-धान्य साठवण्याच्या दोन महिन्यांनंतर लगेच दोन महिने पेरणीचे आणि पुढे आणखी दोन महिने उशिराच्या पेरणीचे येतात. ज्या काळात उत्तर युरोपातील शेतकरी चुलीपाशी बसतो, त्या काळात या यादीतील शेतकरी नांगराच्या मागे उभा असतो. म्हणूनच नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात थंडीच्या दिवसांत नांगर न धरणाऱ्याला आळशी म्हटले आहे आणि कापणीच्या वेळी त्याला भीक मागावी लागेल, असे बजावले आहे. हिवाळ्यातील विश्रांतीचा पुरस्कार करणाऱ्या लेखकांना हे वचन सहसा आठवत नाही.

गीतरत्नात प्रियकर प्रियेला बाहेर बोलावतो तेव्हा हिवाळा सरला आणि पाऊस संपला, या दोन गोष्टी एका श्वासात सांगतो. कारण त्या दोन नव्हेतच. ईयोबाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील एक प्रयोग तर भाषांतराच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. आपल्या वैभवाच्या दिवसांची आठवण काढताना ईयोब ज्या हिब्रू शब्दाचा आधार घेतो, तो ‘होरेफ’ हा शब्द अन्यत्र हिवाळ्यासाठी, थंडीसाठी येतो. येथे मात्र त्याचा अर्थ आयुष्याचा भर असा घ्यावा लागतो, आणि अनेक भाषांतरकारांनी तेथे तारुण्यवाचक शब्द योजला आहे. युरोपीय काव्यात ‘आयुष्याचा हिवाळा’ म्हणजे वार्धक्य. हिब्रू कवीच्या मनात तोच शब्द भरभराटीशी जोडला जाऊ शकतो. अर्थात बायबलमध्ये हिवाळ्याचे कठोर रूप नाही असे नव्हे. पळ काढण्याची वेळ हिवाळ्यात येऊ नये, अशी प्रार्थना करण्यास येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो. पौल तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी येऊन भेटण्याची गळ घालतो. या ठिकाणी हिवाळा प्रवासाच्या अडचणीचा आहे. विश्रांतीचा तो कोठेच नाही.

मग बायबलमध्ये विश्रांती कोठे आहे? ती वारात आहे, वर्षात आहे, ऋतूत नाही. सातवा दिवस आणि सातवे वर्ष या दोन संस्थांवर ती उभी आहे. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात या नियमाला एक पुस्ती जोडलेली आहे, आणि प्रस्तुत चर्चेत तिचे महत्त्व फार आहे. नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी काम थांबवावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ऋतूचा जोर ज्या वेळी सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच वेळी विश्रांतीने ऋतूला आडवे यावे, अशी अपेक्षा आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात याचे कारणही दिले आहे : घरच्या दासाला आणि दासीलाही धन्यासारखीच विश्रांती मिळावी. निसर्ग थांबतो म्हणून माणसाने थांबावे, ही भूमिका येथे मुळीच नाही.

हिवाळा आणि विश्रांती यांची सांगड युरोपात पडली, आणि तीही ख्रिस्ती धर्माच्या आधी. व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’ या इ. स. पू. २९च्या सुमारास पूर्ण झालेल्या काव्याच्या पहिल्या भागात हिवाळा हा शेतकऱ्याच्या निवांतपणाचा काळ म्हणून रंगवला आहे. मिळवलेले खावे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांना जेवू घालावे, असा तो काळ. याच इटलीच्या भूमीवर सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियमावली सिद्ध केली. तिच्या आठव्या अध्यायात १ नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंतचा काळ हिवाळा धरला आहे. या काळात संन्याशांनी रात्रीच्या आठव्या घटकेला, म्हणजे आजच्या हिशेबाने पहाटे दोनच्या सुमारास, उठावे. त्यामुळे मध्यरात्रीनंतरही थोडी झोप मिळते आणि अन्न पचलेले असते, असे कारण तेथे दिले आहे. प्रार्थनेनंतर उरलेला वेळ स्तोत्रांच्या व धर्मपाठांच्या अभ्यासात घालवावयाचा. उलट उन्हाळ्यातील रात्री लहान असल्याने रात्रीच्या उपासनेतील वाचन आखूड केले आहे. पचनाचा हा व्यवहारी उल्लेख मराठी वाचकाला आयुर्वेदातील ऋतुचर्येची आठवण करून देईल. मात्र तेथे हेमंतात जठराग्नी प्रबळ होतो आणि शरीराचे बल वाढते असे मानले आहे. त्या बलाचा उपयोग व्यायामाकडे आणि पौष्टिक आहाराकडे वळवला जातो, निद्रेकडे नव्हे.

बेनेडिक्टच्या नियमावलीत हिवाळ्याची विश्रांती म्हणजे रिकामपण नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. झोप अंमळ वाढते, आणि लांबलेल्या रात्रीने वाचनालाही जागा दिली आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती मनात हिवाळा, अंधार, मौन आणि ग्रंथ यांचे जे नाते आहे, त्याचा एक भक्कम उगम या शुष्क वाटणाऱ्या वेळापत्रकात आहे. पुढे नाताळची तारीख आणि त्यापूर्वीचा आगमनकाल यांनी या नात्याला उपासनेची चौकट दिली. २५ डिसेंबर या तारखेचा स्पष्ट पुरावा ३५४ सालच्या रोमन पंचांगात मिळतो. वर्षातील सर्वांत लांब रात्रीच्या आसपास प्रकाशाचा जन्म, ही कल्पना उत्तरेकडे जावे तसतशी अधिक अर्थपूर्ण होत गेली असल्यास नवल नाही.

या विश्रांतीला कायद्याचे पाठबळही मिळाले. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आल्फ्रेड राजाच्या कायद्यात नाताळचे बारा दिवस कामातून मोकळे ठेवले आहेत, परंतु ते स्वतंत्र प्रजेसाठी. दास आणि बांधील मजूर यांना त्यातून वगळले आहे. अनुवादातील आज्ञा दासांपासून सुरू होते, तर आल्फ्रेडचा कायदा दासांपाशी थांबतो. ऋतूच्या नावाने दिलेली विश्रांती कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न त्या काळीही होताच.

इंग्रजी काव्यात ही प्रतिमा सरळपणे आलेली नाही. मिल्टनच्या १६२९च्या नाताळगीतात निसर्ग आपला साजशृंगार उतरवतो आणि बर्फाखाली तोंड लपवतो. तेथील स्तब्धतेत विसाव्यापेक्षा लज्जा आणि पश्चात्ताप अधिक आहे. लॅन्सलॉट अँड्रूजने १६२२च्या नाताळात जेम्स राजासमोर दिलेल्या प्रवचनात ज्ञानी पुरुषांचा हिवाळी प्रवास कष्टाचा आहे. एलियटने १९२७च्या ‘जर्नी ऑफ द मेजाय’मध्ये तोच कष्ट उचलला. क्रिस्टिना रोझेटीच्या १८७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाताळगीताला आज अंगाईची मवाळ छटा आली आहे, ती बव्हंशी होल्स्टच्या १९०६च्या चालीमुळे. मूळ कवितेतील धरती लोखंडासारखी कठीण आहे. बेथलेहेमवर साचलेला तो बर्फ इंग्लंडचा आहे, हे वेगळे सांगणे नको.

विश्रांतीची प्रतिमा खऱ्या अर्थाने गहिरी होते ती जॉर्ज हर्बर्टच्या ‘द फ्लॉवर’ या कवितेत. ही कविता त्याच्या मृत्यूनंतर १६३३ साली ‘द टेम्पल’ या संग्रहात आली. कठीण दिवसांत फूल जमिनीखाली आपल्या मूळ-माउलीकडे परतते आणि जगाच्या दृष्टीने मेलेले असूनही तेथे नांदते. कवीचे आक्रसलेले अंतःकरणही तसेच होते, असे हर्बर्ट सुचवतो. परंतु या कवितेचा वक्ता हिवाळ्यात उभा नाही. तो वसंतात, पुन्हा पालवी फुटल्यावर बोलतो आहे. हिवाळा चालू असताना त्याला ती विश्रांती वाटली नव्हती, ईश्वराचा कोप वाटला होता. तो विसावा होता हे मागे वळून पाहतानाच कळते. आजच्या भक्तिपर गद्याने हर्बर्टचे मूळ आणि फूल उचलले, पण काळाचा हा भेद सोडून दिला. त्यामुळे काव्यातील ताण जाऊन उपदेश तेवढा उरला.

हर्बर्ट ज्या विल्टशर परगण्यातील बेमर्टन येथे धर्मगुरू होता, त्याच परगण्यातील थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. हा केवळ योगायोग खरा, पण त्यातून एक अंतर मोजता येते. स्टीफन्सने मराठीची थोरवी गायिली ती मोगरा, कस्तुरी, मोर अशा उपमानांनी. या भूमीवरील ख्रिस्ती काव्याला आरंभीच या भूमीची सृष्टी मिळाली. साष्टीत नाताळ येतो तेव्हा पावसाळी भात घरात आलेले असते आणि वायंगणाच्या पिकाची तयारी चाललेली असते. तेथे पडीक जमीन दिसते ती कडक उन्हाळ्यात.

मराठी परंपरेत थांबण्याचा काळ आहेच, पण तो पावसाळ्याचा. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू शयन करतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला जागा होतो. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन मुनींचा चातुर्मास यांतही चालणाऱ्याने एका जागी थांबावयाचे असते. मौन, व्रत, पोथीवाचन हे जे बेनेडिक्टने हिवाळ्याला दिले, ते येथे चातुर्मासाकडे आहे. फरक इतकाच की देव निजतो तेव्हा कुणबी मात्र पेरणी-खुरपणीत बुडालेला असतो. निसर्गाचा थांबा आणि धर्माचा थांबा यांची येथे जुळणी नाही. मार्गशीर्ष-पौष हे तर शाळूच्या आणि हुरड्याचे दिवस. हिवाळी विश्रांतीला भारतात जागाच नाही असे मात्र नाही. केदारनाथाचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात आणि देवाची उत्सवमूर्ती उखीमठाला येते. लाहौलमधील केलाँग येथे १८५०च्या दशकात आलेल्या मोराव्हियन मिशनऱ्यांनाही रोहतांग बर्फाखाली गेल्यावर महिनोन्महिने खोऱ्यातच राहावे लागे. त्यांच्यापैकी येश्के याचा तिबेटी कोश १८८१मध्ये प्रसिद्ध झाला. शैव देवस्थान काय आणि ख्रिस्ती मठी काय, बर्फ दोघांनाही सारखेच थांबवतो. २०२०मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलचा तो सक्तीचा एकांतही ओसरला आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यापुढे इंग्रजी स्तोत्रांचे नमुने होते. ‘उपासना संगीत’मध्ये भाषांतरित स्तोत्रे आणि टिळकांची पदे शेजारीशेजारी आढळतात. तरीही आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, आणि त्यांच्या रचनेत विश्रांतीचे स्थान ऋतूला मिळाले नाही. ते माउलीला मिळाले. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनीही मत्तयाच्या अकराव्या अध्यायात कष्टी व ओझ्याने वाकलेल्यांना येशू जे देऊ करतो, त्यासाठी ‘विसावा’ हा शब्द योजला. हा शब्द पालखीच्या वाटेवरचा आहे. अंत्ययात्रेत तिरडी क्षणभर खाली ठेवण्याच्या जागेलाही विसावाच म्हणतात. त्यात चालणारा माणूस आहे, खांद्यावरचे ओझे आहे, आणि पुढची वाट शिल्लक आहे. मूळ ग्रीक वचनातील ओझ्याच्या प्रतिमेशी तो हिवाळ्यापेक्षा कितीतरी अधिक जुळतो.

इंग्रजीतील हिवाळी चिंतने आता मराठी मंडळ्यांसाठी भाषांतरित होऊ लागली, तर त्यांतील बर्फ आणि पडीक शेत जसेच्या तसे उतरवल्यास ते गव्हाणीवर पसरलेल्या कापसाइतकेच खरे वाटेल. परंतु अडचण केवळ प्रतिमेची नाही. टिळकांच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या नगर-राहुरीच्या परिसरात गेला, तो अहमदनगर (२०२४पासून अहिल्यानगर) जिल्हा पुढे सहकारी साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. १९५०मध्ये उभा राहिलेला प्रवरानगरचा कारखाना येथलाच. ऊसगाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. बीडच्या आणि नगरच्याच कोरडवाहू तालुक्यांतील कुटुंबे या काळात घरे बंद करून फडावर जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि उचल फिटेपर्यंत तोड चालू राहते. आगमनकालाचे चार रविवार आणि नाताळ या हंगामाच्या ऐन भरात येतात. अशा जागी व्यासपीठावरून हिवाळ्याच्या निवांतपणाचा स्वीकार करावयास सांगणे म्हणजे आल्फ्रेडच्या कायद्यातील अपवाद नकळत पुन्हा लिहिणे होय. निर्गमातील पुस्ती मात्र तेथे शब्दशः लागू पडते, कारण ती पडीक शेताबद्दल बोलतच नाही. ती बोलते कापणीबद्दल.