मनावर उपचार करणाऱ्यांना पुढे शिकवते कोण? अमरावती-अकोल्यातले चित्र

गेल्या पावसाळ्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईंना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो. खारपाणपट्ट्यातले गाव. नवरा मक्त्याने घेतलेले चार एकर वाहतो, सोयाबीनची दुबार पेरणी झालेली. चार महिन्यांपासून ताईंना झोप नव्हती. काय होते, असे डॉक्टरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "डोक्यात मुंग्या येतात, हातापायाची आग होते, घरात करमत नाही." डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या, रक्त तपासायला सांगितले आणि पुढचा नंबर पुकारला. बाहेर बाकावर बसल्यावर ताई आम्हाला हळूच म्हणाल्या, "मले जगावंसंच वाटत नाही. पण हे सांगू कोणाले?"

त्या तरुण डॉक्टरांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत मानसोपचाराच्या वाट्याला मोजके आठवडे येतात. त्यात उदासीनता म्हणजे काय हे पुस्तकातून कळते, पण वऱ्हाडातली बाई ती उदासीनता "हातापायाची आग" म्हणून सांगते, हे पुस्तकात नसते. ते कामावर रुजू झाल्यानंतर शिकावे लागते. मग ते शिकवते कोण? अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या वस्त्या, वसतिगृहे आणि गावे फिरणारे आम्ही काही समाजकार्यकर्ते आहोत, आणि हा प्रश्न आमच्यासमोर दर आठवड्याला येतो.

गुण जमा होतात

पदवी मिळाली की शिक्षण संपले, असे वैद्यकीय क्षेत्रात मानले जात नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांना 5 वर्षांत 30 श्रेयांक मिळवावे लागतात, तेव्हा नोंदणीचे नूतनीकरण होते. हे श्रेयांक परिषदा, कार्यशाळा, व्याख्याने यांतून मिळतात. डॉक्टर मंडळी त्याला 'सीएमई' म्हणतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, त्यांच्यासाठी 'सीआरई' नावाची अशीच व्यवस्था आहे.

आता उरलो आम्ही. दवाखान्यात, महाविद्यालयात किंवा संस्थेत समुपदेशनाचे काम करणारे एमएसडब्ल्यू, एमए झालेले लोक. आम्ही दहा वर्षांपूर्वी जे शिकलो तेच आज वापरतो की काही नवे शिकलो, हे आम्हाला आजवर कोणी विचारलेले नाही. 2021 साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात मनोसामाजिक कार्यकर्तेही येतात. त्याची नोंदणी गावपातळीपर्यंत नीट पोहोचली तर आमच्याही शिकण्याचा हिशेब ठेवला जाईल. तो ठेवला जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. समुपदेशकाची चूक रक्तदाबाच्या यंत्रावर दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

पण श्रेयांक म्हणजे शिकणे नव्हे. शहरातल्या हॉटेलच्या सभागृहात नव्या गोळीवर तासभर व्याख्यान, मग जेवण, मग प्रमाणपत्र, असाही सीएमई असतो. त्यातून औषधाची मात्रा कळते. धारणीहून आलेल्या, कोरकू बोलणाऱ्या पेशंटशी दुभाष्यामार्फत कसे बोलावे, घरच्यांनी आधी भुमकाकडे नेले होते हे कळल्यावर तोंड वाकडे न करता पुढचा प्रश्न कसा विचारावा, हे त्यात कुठे असते?

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 पासून लागू झाला. याबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते मुख्यतः आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल. कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरून चालायचे असते आणि तिला उपचार व आधार देणे सरकारचे कर्तव्य ठरते. पण याच कायद्याचे कलम 31 फार कमी लोकांना माहीत आहे. सरकारी दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांच्या मूलभूत आणि तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण सरकारने किमान दिलेच पाहिजे, असे ते सांगते. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत मानसिक आरोग्य तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठी प्रयत्न करावेत, असेही त्यात आहे. ही दहा वर्षे 2028 मध्ये पूर्ण होतात.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले होते. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. वऱ्हाडात एकही नाही. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. म्हणजे आपल्या माणसांसाठी इर्विन, सर्वोपचार, ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र एवढाच खरा आधार. तिथल्या डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशकाला किती येते, यावर सगळे अवलंबून.

निम्हान्सने 2018 मध्ये डिजिटल अकादमी सुरू केली. वैद्यकीय अधिकारी, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि परिचारिका यांना आपले काम न सोडता सामुदायिक मानसिक आरोग्याची पदविका त्यातून घेता येते. ही चांगली सोय आहे, ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावी. पण पडद्यावरचे शिक्षण आणि समोर रडणारा माणूस यांच्यामध्ये कोणीतरी अनुभवी माणूस लागतो.

अमरावतीच्या 30 गावांत काय झाले

हे जमते की नाही याचे उत्तर बाहेर शोधायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला होता. 'विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम' असे त्याचे पूर्ण नाव, आणि गोव्यात सुरू झालेली 'संगाथ' ही संस्था त्यामागे होती. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर उदासीनता आणि दारूचे व्यसन यांवर काम करायचे होते. गावातल्याच कार्यकर्त्यांना लोकांशी बोलायला आणि लक्षणे ओळखायला शिकवले. त्यांच्यावरच्या पातळीवर प्रशिक्षित समुपदेशक ठेवले, आणि गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ.

2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीला उदासीनतेने त्रस्त लोकांपैकी 4.3 टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेले. म्हणजे सहापट. तरीही चारातले जवळजवळ तीन जण बाहेरच राहिले, हेही विसरता येत नाही.

संगाथच्याच गोव्यातल्या अभ्यासात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राचे आधीचे कोणतेही शिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी उदासीनतेच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मदत केली आणि तिचा उपयोग झाला. आमच्या मते यातली खरी शिकवण पुढची आहे. या समुपदेशकांना एकदा शिकवून सोडून दिले नाही. ते आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण गटात ऐकत, एकमेकांना गुण देत, कुठे आपणच जास्त बोललो आणि कुठे पेशंटला मध्येच तोडले हे काढून दाखवत. निरंतर शिक्षण याला म्हणायचे. आम्ही तिघाचौघांनी गेल्या वर्षी हे अकोल्यात करून पाहिले. पेशंटची परवानगी काढून, नाव-गाव वगळून, रविवारी एका विहाराच्या मागच्या खोलीत बसलो. पहिल्याच दिवशी कळले की आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्या मिनिटाला उपदेश सुरू करतो. "हिंमत ठेवा", "लेकरांकडे पाहा". समोरच्याचे बोलणे अजून अर्ध्यावर असते.

भाषेचेही तसेच. उदासीनता मोजायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. तिच्या मराठी भाषांतरातला "निराश वाटते का?" हा प्रश्न आम्ही मूर्तिजापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो तेव्हा ते "नाही" म्हणतात. "करमते का, जीव लागते का?" असे विचारले की तासभर बोलतात. प्रशिक्षण स्थानिक असावे असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

केसपेपरवरचे आडनाव

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख या वाचकांपुढे मांडायचा, तिच्याकडे येतो. 2017 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये मानसिक आरोग्य सेवा जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव न करता मिळाली पाहिजे असे लिहिले आहे. जातीचा शब्द कायद्यात आहे. आम्ही गेल्या सहा-सात वर्षांत केलेल्या प्रशिक्षणांत तो आम्हाला एकदाही ऐकू आला नाही.

वसतिगृहातला एक मुलगा समुपदेशकाकडे गेला. वर्गातली मुले त्याला प्रवेशाची रँक विचारून हसतात, हे त्याला सांगायचे होते. समुपदेशकाने आधी आडनाव विचारले. मग म्हणाला, "इतके मनावर घेऊ नको, सगळ्यांनाच असे होते." कागदावर लिहिले, 'अतिसंवेदनशील स्वभाव'. मुलगा पुन्हा गेला नाही. त्या समुपदेशकाच्या मनात वाईट हेतू होता असे आम्हाला वाटत नाही. अपमान हे आजाराचे कारण असू शकते, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. भूक, कर्ज, नवऱ्याची मारहाण ही कारणे त्याच्या यादीत होती, जात नव्हती.

रोहित वेमुला गेला त्याला 2016 च्या जानेवारीपासून किती वर्षे झाली ते मोजा. 2019 च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, ती तर स्वतः डॉक्टर होती. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे आणि वंचित घटकांतल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने, भेदभाव न करता वागण्याची तयारी त्यांच्याकडून करून घ्यावी, असे त्यात आहे. अमरावती आणि अकोल्यात वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी खेड्यांतून शेकडो मुले येऊन राहतात. आपल्या मुलाच्या संस्थेत हे प्रशिक्षण झाले का, कोणी दिले, हे पालकांनी लेखी विचारावे.

जातीचा दुसरा पदर जमिनीचा. राज्य सरकारने 2015 मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी. आशाताई घरोघरी जाऊन ताणाखालची माणसे शोधतात. योजना उपयोगी आहे, पण तिच्या केंद्रस्थानी शेतकरी आहे. आत्महत्येनंतरची एक लाखाची मदतही सातबारा आणि कर्ज पाहून 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. आपल्या वस्त्यांतली बहुतेक माणसे मजूर, नाहीतर मक्त्याने, बटईने शेत करणारी. ती मोजणीत येत नाहीत, म्हणून शिकवणाऱ्यांच्या उदाहरणांतही येत नाहीत.

थोडे आपल्याबद्दलही बोलले पाहिजे. कानात आवाज येतात असे सांगणाऱ्या मुलाला थेट दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. विपश्यना केंद्रे स्वतःच प्रवेश अर्जात मानसिक आजाराची माहिती मागतात आणि गंभीर आजार असलेल्यांना शिबिर न करण्याचा सल्ला देतात. ध्यान हे गोळीच्या जागी घ्यायचे नसते. गंमत अशी की प्रशिक्षणांत हल्ली 'माइंडफुलनेस' अमेरिकेतून आलेले तंत्र म्हणून शिकवतात, स्मृतीचा शब्दही न उच्चारता, आणि शेजारच्या गल्लीत संध्याकाळी आनापान चालू असते.

आमची मागणी मोठी नाही. इर्विन आणि सर्वोपचारमध्ये महिन्यातून एक दुपार, डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि आशाताई एकत्र बसतील, दोन खऱ्या केसेसवर बोलतील, वऱ्हाडीत आणि गरज पडेल तिथे कोरकूत. त्याचे श्रेयांक मिळावेत. वर्षातून एकदा विषय जातीचा असावा आणि बोलायला अनुभव घेतलेली माणसे बोलवावीत. तोपर्यंत ज्याला बोलायचे आहे त्याने सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

दर्यापूरच्या त्या ताईंना आम्ही नंतर दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारले, "रात्री जाग आली की काय विचार येतात?" ताई अर्धा तास बोलल्या. आता गोळी चालू आहे, दर पंधरा दिवसांनी भेट असते. एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे म्हणून येणे जमते. त्या दिवसाची मजुरी मात्र बुडते.