कुत्र्या-मांजरांचे दुकान टाकण्यापूर्वी



ऊस नोंदणीसाठी गटागटांतून फिरताना हल्ली आम्हांला एक नवाच प्रश्न ऐकू येतो. "साहेब, पोरगं म्हणतंय, नाशकात कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालायचं, गावाला जाणाऱ्यांची जनावरं सांभाळायचं दुकान टाकतो. चालंल का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झाले. प्रत्येक मुलाला ऊस पुरणार नाही.

जनावरांच्या सेवेवर काम कसे उभे राहते, हे पाहायचे तर उरुळीकांचनकडे बघावे. १९४६ साली गांधीजींबरोबर तेथे आलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बायफ' संस्था स्थापली. गोठवलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन करून संकरित गाई वाढवणे हे तिचे मोठे काम. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनीही आपल्या सभासदांसाठी या कामाला हातभार लावला. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बायफचा माणूस शेतकऱ्याच्या गोठ्यावर जाई. कारण साधे आहे. गाय माजावर राहते साधारण १२ ते १८ तास. ती वेळ हुकली की पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी. तेवढा चारा अंगावर पडतो. म्हणजे सेवेची खरी किंमत वेळेत आहे. शहरातल्या गिऱ्हाइकालाही हेच लागू. सकाळी नऊला येतो म्हटले की नऊलाच दारात उभे राहावे.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. रेतनाची तारीख लिहिली नाही तर गाय कधी विणार ते कळत नाही. तसेच सांभाळायला आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे लसीचे कार्ड पाहून, तारीख लिहूनच आत घ्यावे. पार्व्हो हा रोग पिल्लांना रक्ती जुलाबाने मारतो आणि त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. एक आजारी पिल्लू आत आले की बाकीची धोक्यात, आणि दुकानाचे नाव गेले ते गेलेच.

तिसरी गोष्ट, आपली हद्द ओळखावी. आंघोळ, नखे, केस, खाणेपिणे आपले. रोगनिदान आणि औषधोपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाचे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ही रेघ आखलेली आहे. शिवाय कुत्री हाताळणाऱ्याने रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी. तरीही चावा बसलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

राहिली उधारी. "उसाचं बिल आलं की देतो" ही आपल्याकडची रीत दुकानात चालू देऊ नये. दराची पाटी दारात लावावी. खाणे, औषध, भाडे रोजचे असते; ते बिलाची वाट पाहत नाही.

तेव्हा मुलाला नाही म्हणू नका, पण लगेच कर्जही काढू नका. आधी वर्षभर एखाद्या पशुवैद्यकाच्या हाताखाली घाण काढू द्या, चावऱ्या कुत्र्याला पट्टा घालू द्या. त्यानंतरही त्याचे मन तेथेच रमले, तर खुशाल गाळा बघा.