होडीच्या इंजिनाचे टायमिंग आणि मेकॅनिकचा कान

उजनी धरण 1980 साली पुरे झाले आणि भीमेचे पाणी करमाळा, माढा, इंदापूरच्या शिवारांत दूरवर पसरले. पैलतीरावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीत बसतात. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तिथे घात वाऱ्याने केला, इंजिनाने नाही. पण अशा वाऱ्यात इंजिन बंद पडले तर होडी लाटांना आडवी होते आणि हाताशी काहीच उरत नाही. त्यामुळे होडीच्या मागच्या फळीवर अडकवायच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचे टायमिंग कसे लावावे, हा प्रश्न गॅरेजपुरता राहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे टायमिंग मापाने लावावे, कानाने नाही.

टायमिंग म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन पार वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचे बारा सहस्रांश मिळतात, आणि त्यातला एक अंश सेकंदाच्या तीस हजाराव्या भागात सरतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलच्या कडेवर हाच अंश जेमतेम पावणेदोन मिलिमीटर भरतो. जुन्या इंजिनांत ही वेळ फ्लायव्हीलखाली बसवलेले पॉइंट ठरवतात. जॉन्सन आणि इव्हिनरूडच्या अनेक जुन्या मॉडेलांत त्यांची फट सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवायची असते. फट वाढली की पॉइंट आधी उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. फट मिटत आली की ते मागे पडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. वीस वर्षे राजदूत आणि लूना उघडलेल्या मेकॅनिकला आवाजावरून सगळे कळते, त्याला गेज कशाला? त्या कानाबद्दल मला आदर आहे. प्लग मारतोय, बेअरिंग गेलंय, हे तो क्षणात सांगतो. पण टायमिंगच्या बाबतीत कान नेमका धोक्याच्या बाजूला ओढतो. टायमिंग थोडे जास्त पुढे घेतले की इंजिन चटकन उचलते, आवाज खणखणीत येतो आणि गिऱ्हाईक खूश होते. ओझे घेऊन पूर्ण वेगात निघाल्यावर मात्र पिस्टनचा माथा तापत जातो. आतली ठकठक इंजिनाच्या गर्जनेत ऐकू येत नाही, आणि शेवटी माथ्याला भोक पडते. शिवाय या इंजिनांत थ्रॉटल उघडला की पॉइंट बसवलेली मॅग्नेटोची प्लेटही फिरते आणि ठिणगी आणखी लवकर येते. काठावर मंद चालीत ऐकलेल्या आवाजावरून पूर्ण वेगातले टायमिंग कळणार कसे? टायमिंग मागे पाडणारी पॉइंटची झीज तर इतकी सावकाश होते, की रोज ऐकणाऱ्याचा कान तिला सरावतो.

दुसरा आक्षेप साधनांचा. टायमिंग लाइट गावात कुठून आणायची? नसली तरी चालते. फिलर गेज, प्लगच्या भोकात बसणारे डायल गेज, एक बॅटरी आणि छोटा बल्ब एवढ्यावर काम भागते. पिस्टन टोकाला पोचला की काटा थबकतो आणि नेमका बिंदू सापडत नाही. म्हणून टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे काटा सारखाच आकडा दाखवील अशा दोन खुणा फ्लायव्हीलवर करायच्या आणि त्यांचा मध्य धरायचा. मग पॉइंटची तार कॉइलपासून सोडवून बल्बला जोडायची, प्लेट पूर्ण थ्रॉटलच्या जागी न्यायची आणि फ्लायव्हील चालण्याच्याच दिशेने हाताने हळूहळू फिरवायचे. बल्ब विझला त्या क्षणी पॉइंट उघडले. ती जागा पुस्तकातल्या अंशाशी जुळली पाहिजे. त्याआधी फ्लायव्हीलची चावी मात्र काढून बघावीच. वरचा नट ढिला राहिला असेल तर चावी कातरते, चाक शाफ्टवर किंचित सरकते आणि खूण खोटी पडते. हे लक्षात न आलेला मेकॅनिक बिचारा दिवसभर कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

पुस्तकातला आकडा चांगल्या पेट्रोलसाठी असतो, आपल्याकडे रॉकेल मिसळतात, मग त्या आकड्याचे काय, असेही विचारले जाते. रॉकेल लवकर ठकठक करते, म्हणून रॉकेलवर चालणारी इंजिने मुळातच कमी कॉम्प्रेशनची बनवतात. पेट्रोलच्या इंजिनात ते ओतून टायमिंग कानाने जुळवणे म्हणजे दोन चुका एकदम करणे आहे. आणि माप एकदा घेऊनही भागत नाही. नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काही तासांत घासून बसते आणि फट कमी होते, म्हणून तेवढे चालवून झाल्यावर फ्लायव्हीलच्या खिडकीतून गेज पुन्हा एकदा घालावे.