कर्नलचा टायमर आणि फसलेला बिल्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापुरात लिनक्स कर्नल स्वतः बिल्ड करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला टायमरची एरर दिसली की वाटते, आता घड्याळच बिघडणार. तसे नसते. काल बिल्ड होणारा कोड आज होत नाही, एवढाच बिल्ड रिग्रेशनचा अर्थ. कर्नल तयारच झालेला नसल्याने चालत्या यंत्राला धोका पोहोचत नाही.

‘माझ्या लॅपटॉपवर बिल्ड झाला, म्हणजे कोड बरोबर’ हेही खरे नाही. कर्नल वेळ नॅनोसेकंदांत, ६४ बिटांत मोजतो. त्या आकड्याला साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागले तर ६४ बिटांच्या लॅपटॉपवर काहीच अडत नाही. ३२ बिटांच्या एआरएम बोर्डासाठी मात्र कंपायलर एका मदतनीस फंक्शनला हाक मारतो आणि ते कर्नलमध्ये नसते, म्हणून अगदी शेवटी, सगळे तुकडे जोडताना, लिंकर अडतो. त्यावर उपाय एका ओळीचा: कर्नलचे स्वतःचे ‘डिव्ह_यू६४’ वापरायचे.

दुसरी तक्रार नावांची. मे २०२५ मध्ये आलेल्या ६.१५ आवृत्तीतून टायमर काढून टाकणाऱ्या फंक्शनांची ‘डेल_टायमर’ आणि ‘डेल_टायमर_सिंक’ ही जुनी नावे गेली. ‘टायमर_डिलीट’ आणि ‘टायमर_डिलीट_सिंक’ ही नवी नावे ६.२ पासूनच उपलब्ध होती. गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्याने जुन्या कार्डासाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहून घेतला असेल, तर तो इथे अडेल. याला कर्नलची चूक म्हणता येत नाही. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे, पण कर्नलच्या आतल्या फंक्शनांबद्दल तसे वचन कधीच नव्हते. कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्याच बदलात सुधारले गेले. बाहेरचा ड्रायव्हर ज्याचा त्याने सुधारायचा.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘एरर गेली, काम झाले’. ‘सिंक’वाले फंक्शन टायमरचा चालू असलेला हँडलर, म्हणजे वेळ झाल्यावर चालणारे फंक्शन, संपेपर्यंत थांबते. घाईत त्याऐवजी साधे ‘टायमर_डिलीट’ लिहिले, किंवा ती ओळच कॉमेंट केली, तरी बिल्ड बिनतक्रार होतो. मग ड्रायव्हर काढताना त्याची मेमरी मोकळी होते आणि मागाहून टायमर त्याच मेमरीला हात घालतो. कर्नल कोसळतो, तोही कधीतरीच, त्यामुळे कारण सापडत नाही. फसलेला बिल्ड याहून कितीतरी बरा, तो निदान दोष लगेच दाखवतो.

बिल्ड मोडणारा मूळ बदल शोधायला तज्ज्ञच लागतो असेही नाही. ‘गिट बायसेक्ट’ हा आदेश दर पायरीला शोध निम्म्यावर आणतो. १६ हजार बदलांतला दोषी १४ पायऱ्यांत सापडतो. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनो, अशी एरर आली तर ती दडपू नका. कोणत्या कॉन्फिगवर, कोणत्या कंपायलरने बिल्ड अडला ते लिहा, पॅचमधल्या ‘फिक्सेस’च्या ओळीत दोषी बदलाच्या ओळखखुणेची पहिली १२ अक्षरे द्या आणि तो आपल्या नावाने पाठवा.