पाहणाऱ्याला अडवायचे कसे?

परगावचा माणूस रोज शिवेवर येऊन आपल्या विहिरी, गोठे, पायवाटा न्याहाळू लागला, तर पाटील त्याला हटकणारच. पण तो शेजारगावाने रीतसर पाठवलेला आणि आपल्याच चावडीने मान्य केलेला कारभारी असेल तर? आणि उभाही सरकारी रस्त्यावर असेल तर? त्याला धरायचे कोणत्या गुन्ह्याखाली? दोन राष्ट्रांमध्ये असा पेच पडला म्हणजे काय होते, ते एका घडलेल्या हकिकतीवरून पाहू.

पॅसिफिक महासागरातली हवाई बेटे अमेरिकेने १८९८ साली आपल्या ताब्यात घेतली. १९४१ साली ती अमेरिकेचे घटकराज्य झालेली नव्हती. वसाहतीसारखा तो एक मुलूख होता. तिथल्या पर्ल हार्बर बंदरात अमेरिकेचे मोठे आरमार असे. जवळच्या होनोलुलू शहरात जपानची वाणिज्य वकिलात होती. २७ मार्च १९४१ रोजी तिथे मोरिमुरा नावाचा एक तरुण कामावर रुजू झाला. त्याचे खरे नाव ताकेओ योशिकावा. तो पूर्वी जपानी आरमारात अधिकारी होता.

या माणसाने केले काय? टेकडीवरच्या चहागृहात बसून बंदर पाहिले. प्रवाशांना फिरवणाऱ्या विमानातून चक्कर मारली. उसाच्या मळ्यांच्या बाजूने हिंडला. कोणती जहाजे कधी बाहेर पडतात, कधी परततात, हे मनात टिपून ठेवले. कुंपण ओलांडले नाही की कुलूप फोडले नाही. ही सारी माहिती सांकेतिक लिपीत, नेहमीच्या तार कंपनीमार्फत टोकियोला जाई.

तुम्ही म्हणाल, मग अमेरिकेने त्याला हाकलले का नाही? अशा वेळी यजमान सरकारपुढे तीन वाटा असतात. पहिली, त्या माणसाला परत बोलवा असे सांगायचे. दुसरी, वकिलातच बंद करायची. तिसरी, काही न बोलता पाळत ठेवायची. खटला भरणेही कधी कधी जमते, कारण वाणिज्यदूताच्या कचेरीला राजदूताइतके संरक्षण नसते. सिंगापूरच्या जपानी वकिलातीतला मामोरु शिनोझाकी याला ब्रिटिशांनी १९४० साली पकडून साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. पण त्याने एका ब्रिटिश सैनिकाकडून माहिती काढली होती. तिथे गुन्हा दाखवता आला. नुसत्या डोळ्यांनी पाहण्याचा गुन्हा कसा दाखवणार?

दुसरी वाट अमेरिकेला ठाऊक होती. जून १९४१ मध्ये तिने जर्मनी आणि इटली यांच्या वाणिज्य वकिलाती बंद करण्याचा हुकूम काढला. त्या देशांनीही लगेच अमेरिकेच्या बंद केल्या. या व्यवहाराचा नेमच असा : तुम्ही आमचे दार लावा, आम्ही तुमचे लावतो. जपानशी तर वॉशिंग्टनमध्ये बोलणी चालू होती. युद्ध टळेल ही आशा धरून बोलायचे आणि त्याच वेळी शेजाऱ्याच्या माणसाला दारातून घालवायचे, हे जुळत नाही. म्हणून जपानी वकिलात चालू राहिली. उरली तिसरी वाट, पाळतीची.

आता खरी मेख इथे आहे. पाळत ठेवून जे कळते, ते राखणदाराच्या कानावर गेले तरच पाळतीचा उपयोग. २४ सप्टेंबर १९४१ रोजी टोकियोने होनोलुलूला कळवले की, बंदराचे पाच भाग पाडा आणि कोणत्या भागात कोणती जहाजे आहेत ते सांगा. ही तार अमेरिकनांनी मिळवली आणि ९ ऑक्टोबरला तिचा उलगडाही झाला. पण हवाईतल्या सेनापतींना ती कोणी पाठवली नाही. ७ डिसेंबरला सकाळी जपानी विमाने आली. २,४०३ अमेरिकन माणसे प्राणास मुकली.

पुढचा भाग आणखी विचार करायला लावणारा आहे. युद्ध पेटल्यावर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. हेरगिरी त्यांच्यापैकी एकावरही शाबीत झाली नाही. आणि योशिकावा? तो वकिलातीचा माणूस म्हणून १९४२ साली अदलाबदलीत सुखरूप मायदेशी पोचला. ही अदलाबदल आफ्रिकेतल्या पोर्तुगीज बंदरात झाली. जपान आणि अमेरिका यांच्यातली तशीच दुसरी अदलाबदल ऑक्टोबर १९४३ मध्ये आपल्या गोव्यातल्या मुरगाव बंदरात झाली. गोवा तेव्हा तटस्थ पोर्तुगालकडे होता.

पुढे १९६१ आणि १९६३ साली व्हिएन्ना येथे झालेल्या करारांनी हा व्यवहार कागदावर आणला. परदेशी दूत किंवा वाणिज्यदूत आम्हाला नको, असे यजमान देश कारण न सांगता कळवू शकतो.

शिक्षकबंधूंनी नकाशावर होनोलुलू, सिंगापूर आणि मुरगाव दाखवून मुलांना एकच प्रश्न विचारावा : चूक संयमाची होती का? तसे वाटत नाही. संयम बाळगणारे सरकार पुष्कळदा शहाणेच असते. पण जीभ आवरली म्हणून डोळा मिटून चालत नाही, आणि एका हाताने उघडलेले पत्र दुसऱ्या हाताला द्यावेच लागते.