घरचं वर्कशॉप : भाग ७ – आधी डॉग चक

मागच्या भागात लेथचा बेड पातळीत बसवून झाला. आता प्रश्न जॉब धरायचा. लहान लेथबरोबर बहुतेक विक्रेते तीन जबड्यांचा ट्रू चक देतात आणि चार जबड्यांच्या डॉग चकचे पैसे वेगळे लावतात. नवा माणूस साहजिकच म्हणतो, तीनवर भागतंय तर चौथा कशाला? माझं मत उलटं आहे. एकच चक परवडत असेल तर डॉग चक घ्यावा.

ट्रू चकची रचना मोठी चतुर आहे यात शंका नाही. आत एक चकती, तिच्यावर सर्पिल खाच. किल्ली फिरवली की चकती फिरते आणि तिन्ही जबडे एकदम सारखे आत येतात. गोल किंवा षट्कोनी दांडा क्षणात मध्यावर. अमेरिकेतल्या सायमन फेअरमन यांनी १८४० मध्ये सर्पिलाच्या चकचं पेटंट घेतलं, त्याचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. पण सर्पिल सगळीकडे सारखं अचूक कापलेलं नसतं आणि सारखं झिजतही नाही. त्यामुळे १२ मिमीचा दांडा जवळजवळ ट्रू फिरतो आणि त्याच चकमध्ये २५ मिमीचा आउट निघू शकतो. साध्या चकला ०.०५ ते ०.१ मिमी फरक असायचाच. त्यावरून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

मग ट्रू चकवर एवढी कामं होतात कशी? जॉब एकदा धरला आणि फेसिंग, टर्निंग, बोअर सगळं न सोडता उरकलं, तर प्रत्येक व्यास स्पिंडलच्याच अक्षाभोवती कापला जातो. कच्चा दांडा सुरुवातीला लंगडत फिरला तरी तयार झालेले भाग एकमेकांशी ट्रू असतात. घोटाळा होतो तो जॉब उलटा करून पुन्हा धरल्यावर. दुसऱ्या बाजूचा बोअर पहिल्या बाजूशी जुळत नाही, आणि खापर फुटतं बिचाऱ्या लेथवर.

डॉग चकचा प्रत्येक जबडा आपापल्या स्क्रूवर स्वतंत्र सरकतो. त्यामुळे मध्य शोधायची जबाबदारी आपली. पण तो हवा तेवढा अचूक शोधता येतो. चकच्या तोंडावर कोरलेल्या वर्तुळांच्या अंदाजाने जॉब धरा. गिअर न्यूट्रलला टाकून चक हाताने फिरवा. मॅग्नेटिक स्टँडवरच्या डायलचं टोक स्पिंडलच्या उंचीवर जॉबला टेकवा आणि फक्त समोरासमोरच्या दोन जबड्यांपाशी काटा वाचा. एकापाशी ०.४० आणि दुसऱ्यापाशी ०.१० आला, तर फरक ०.३० आणि जॉब सरकवायचा त्याच्या निम्मा, म्हणजे ०.१५. ज्या बाजूचा आकडा कमी तो जबडा जरा सैल, मग जास्त आकड्याचा जबडा आवळायचा, काटा ०.२५ वर आला की थांबा. आता उरलेली जोडी. मग चारही जबडे थोडे थोडे आवळून पुन्हा एक फेरी, कारण आवळताना जॉब हटकून सरकतो. नवशिके एका जबड्यावरून शेजारच्या जबड्यावर उडी मारतात आणि तासभर गोल गोल फिरत राहतात. जोडी सोडायची नाही हे पक्कं ठेवलं की काम मिनिटांवर येतं. किल्ल्या दोन असाव्यात, एक समोरून आणि एक मागून, म्हणजे सैल करणं आणि आवळणं एका दमात होतं. दुसरी किल्ली घरीच करावी. चौकोनी टोकाचं कानसकामही त्यात घोटून होतं.

उद्यमनगरातला किंवा भोसरीतला जुना टर्नर डायलच्या नादी न लागता फिरत्या जॉबला खडू टेकवतो. ठिपका उमटला ती बाजू वर. रफ कामाला तेवढं पुरतं.

इंग्लंडमध्ये घरच्या वर्कशॉपचा हा छंद वाढला तोच वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृतींवर. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि १९४६ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनहून ‘मायफर्ड एमएल ७’ हा साडेतीन इंच सेंटर-हाइटचा लेथ आला, तो या मंडळींचा लाडकाच ठरला. या कामातलं सिलिंडरचं कास्टिंग ना गोल, ना षट्कोनी. ट्रू चक तिथे हात टेकतो. व्हॉल्व्ह हलवणारा एक्सेंट्रिक तर मुद्दाम आउट धरायचा असतो. व्हॉल्व्हची चाल ६ मिमी हवी असेल, तर जॉब मध्यापासून ३ मिमी सरकवायचा, म्हणजे पूर्ण फेऱ्यात डायल ६ मिमी फरक दाखवेल. चौकोनी पट्टी, वेडावाकडा ब्रॅकेट, मध्य सोडून पाडायचं भोक, सगळं याच एका चकवर होतं.

फिनिश झालेल्या पृष्ठभागावर जबड्यांचे वळ उठू नयेत म्हणून मध्ये तांब्याची पातळ पट्टी घाला. मोठ्या जॉबला जबडे चकच्या बाहेर डोकावतात. मोटार लावण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा द्या, आणि किल्ली चकमध्ये विसरू नका. हातमोजे अजिबात नकोत.

जुन्या बाजारातून डॉग चक घेताना चारही स्क्रू शेवटपर्यंत फिरवून पाहा आणि जबडे उलटे घालूनही बसतात का ते तपासा. मागची बॅकप्लेट मात्र आपल्या स्पिंडलच्या आट्यांची हवी. एमएल ७ ला ते १ १/८ इंच, इंचाला १२ आटे. तयार मिळाली नाही तर कच्च्या कास्टिंगमधून ती आपल्याच लेथवर करता येते. ते काम पुढच्या भागात.